सातवं पाऊल

अंतरपाट खाली येतो, वाजंत्री जोर धरते, अक्षता पडतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘लागलं बाई एकदाचं!’’ लगेच पंगतीकडे रीघ लागते. होमापाशी उरतात भटजी, नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील आणि धुरानं डोळे चोळणारी करवली. तांदळाच्या सात लहानशा राशी. नवरी एकेकीवर पाऊल टाकत जाते. पाहुणे तोवर जिलबीवर आलेले असतात.

कायद्याच्या लेखी लग्न लागतं ते इथे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं, वर किंवा वधूकडच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत. त्यांत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण.

एवढ्याशा पावलावर कुणाचं आयुष्य अडतं का? अडतं. महाराष्ट्रातल्या एका नवऱ्यानं पहिली बायको असताना १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीनं दुसरीशी लग्न केलं. त्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये रद्द केली. होम नाही, सप्तपदी नाही, हे विधी वगळण्याची रूढीही सिद्ध झालेली नाही. म्हणजे दुसरं लग्न झालंच नाही, मग गुन्हा कसला? पहिलीची फिर्याद वाया गेली, दुसरी कायद्यानं बायकोच नव्हती. तो मात्र सुटला. हा निकाल वाचताना मला दर वेळी त्या दोघीच दिसतात.

निकाहात होम नसतो. विचारणा आणि कबुली एकाच बैठकीत होते, मेहर ठरतो. कॅथलिक चर्चनंही शतकानुशतकं दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द म्हणजेच लग्न मानलं. पण बंद दाराआड दिलेला शब्द पुढे सहज नाकारता येई. म्हणून १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार सक्तीचे केले. विधीचं खरं मोल मला इथे दिसतं: उद्या नवरा फिरला, तर ‘आमच्यासमोर झालं’ म्हणणारं कुणीतरी हवं.

तमिळनाडूनं १९६७ मध्ये भटजीविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायद्यात जागा दिली. माणसांसमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार केला, किंवा हार घातला, अंगठी घातली, मंगळसूत्रासारखी ताळी बांधली, तरी पुरे.

समजणाऱ्या भाषेचा हा आग्रह आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं धरला होता. सत्यशोधक लग्नासाठी त्यांनी मराठीत मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू गप्प उभी राहत नाही. ती स्त्रियांच्या हक्कांचं मागणं वरापुढे ठेवते, आणि जमलेल्या सगळ्यांच्या देखत त्याला उत्तर द्यावं लागतं.