बांधावरची भुईआवळी आणि आपलें यकृत

पावसाळ्यांत डहाणूच्या चिकूवाड्यांत व तलासरीच्या भातखाचरांच्या बांधांवर एक लहानसें रोप उगवतें. त्याच्या पानांच्या दांडीखालीं मोहरीएवढ्या फळांची ओळ लागते. हीच भुईआवळी. हिचा, किंवा अतिशय कडू अशा ओल्या किराइताचा रस काविळीवर द्यावा, हें आपल्या आज्या जाणतात, तसेंच पाड्यावरील भगतही जाणतो. विद्यार्थिमित्रांनो, ह्या ज्ञानास तुच्छ लेखूं नये. परंतु त्याची मर्यादा ओळखावी.

यकृत हें उजव्या बरगड्यांखालीं असलेलें शरीराचें शोधनगृह होय. गिळलेलीं बहुतेक औषधें रक्तावाटे तेथें येतात व रूपांतर पावून बाहेर जातात. ह्या रूपांतरांत कधीं कधीं विष उत्पन्न होतें. तापावरील पॅरासिटामॉल योग्य मात्रेंत निर्धोक असतें. कारण त्यापासून होणारें थोडें विष यकृतांतील ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य निष्प्रभ करतें. मात्रा अतोनात झाली कीं हा सांठा संपतो व यकृताच्या पेशी मरूं लागतात. क्षयावरील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड हीं औषधें प्राण वाचवितात. तथापि कांहीं रोग्यांच्या यकृतास तीं बाधतात. ताडीचें व्यसन असल्यास धोका अधिकच.

अशा वेळीं वनस्पती रक्षण करतील काय? किराइतांतील अँड्रोग्राफोलाइड ह्या कडू द्रव्यानें पॅरासिटामॉल दिलेल्या उंदरांच्या यकृताचें रक्षण झाल्याचें प्रयोगांत दिसलें आहे. भुईआवळीवरही तसे प्रयोग झाले आहेत. परंतु प्रयोगांत बहुधा वनस्पति आधीं देतात व विष मागाहून. रोगी मात्र डोळे पिवळे झाल्यावर रस शोधूं लागतो! शिवाय प्रत्येक वनस्पति निरुपद्रवीच असते असें नाहीं. करोनाच्या सांथींत गुळवेल घेतलेल्या कांहीं रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें मात्र त्यास हरकत घेतली.

आतां अशी कल्पना करा : क्षयाच्या एका रोग्यास कावीळ झाली. त्यानें आपल्या मनानें गोळ्या सोडल्या व रस घेतला. कावीळ ओसरली ती गोळ्या थांबल्यामुळें. यश मात्र रसास मिळालें. इकडे क्षयाचे जंतु पुन्हां वाढले, आणि अर्धवट उपचारानें ते औषधांस न जुमानणारेही होऊं शकतात.

म्हणून पालकांस विनंति कीं, औषध चालू असतां अन्नावरची वासना गेली, वांत्या झाल्या, लघवी गडद वा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशीं रोग्यास सरकारी दवाखान्यांत न्यावें. डॉक्टर रक्त तपासून गोळ्या थांबवितात व यकृत सुधारल्यावर एकेक करून पुन्हां सुरू करतात. पॅरासिटामॉल फार पोटांत गेलें असेल, तर काविळीची वाट न पाहतां तत्काळ निघावें; त्यावरील ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत सर्वांत गुणकारी ठरतो. घरीं रस वा काढा घेतला असल्यास तेंही निःसंकोच सांगावें. तें सांगण्यांत लाज नाहीं. लपविण्यांत मात्र धोका आहे.