प्रकाशनियंत्रण, रंगमंचीय : अंकीय वाहिन्यांची नेमणूक

रंगमंचावरील प्रत्येक दिव्यास अथवा डिमरास नियंत्रण-फलकावरून स्वतंत्र आज्ञा मिळावी म्हणून त्यास क्रमांकित वाहिन्या नेमून देण्याची पद्धती. अमेरिकेत १९८६ मध्ये सिद्ध झालेल्या ‘डीएमएक्स ५१२’ या प्रमाणानुसार एकाच केबलमधून ५१२ वाहिन्यांची मूल्ये क्रमाने व पुनःपुन्हा पाठविली जातात. प्रत्येक मूल्य ० ते २५५ असते. दिवा आपल्या प्रारंभ-पत्त्यापासून मोजून स्वतःस हव्या तेवढ्याच वाहिन्या उचलतो. सहा वाहिन्यांच्या दिव्यांना १, ७, १३ असे पत्ते दिल्यास सातव्याचा पत्ता ३७ येतो. पुष्कळ दिव्यांवर तो छोट्या बटणांनी लावतात : ३२, ४ व १. यांपैकी १ चे बटण राहून गेल्यास पत्ता ३६ होतो आणि पहिली वाहिनी लाल व दुसरी हिरवी असलेल्या दिव्यात लाल रंगाची आज्ञा हिरव्यास मिळते. मूळ प्रमाणात दिव्याकडून प्रत्युत्तर येत नसल्याने फलकावर सर्व ठीकच दिसते.

फलकावरील वाहिनी व दिव्याचा पत्ता या मात्र भिन्न गोष्टी होत. त्यांची सांगड घालणाऱ्या कोष्टकास ‘पॅच’ म्हणतात. दौऱ्यावरील नाटकास याचाच मोठा आधार असतो. बारामतीच्या गदिमा सभागृहातील प्रयोगानंतर इंदापुरात तात्पुरत्या मंचावर प्रयोग लावायचा झाल्यास डिमरांची मांडणी बदलते. परंतु प्रवेशागणिक बसविलेले प्रकाशसंकेत तसेच राखून केवळ पॅच नव्याने भरला की पुरते. संदेशातील बिघाड ओळखण्याची तरतूद या प्रमाणात नाही. त्यामुळे मंचावरील दारूकामासारखी धोक्याची साधने या केबलवर जोडणे निषिद्ध मानतात.