गुलमर्ग की औली? नागपूरकरांसमोरील उंच प्रश्न

नागपूर : समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात बर्फ भेटतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर. तरीही स्कीइंग शिकण्यासाठी हिमालय गाठू पाहणारे येथेही आहेत आणि काश्मिरातील गुलमर्ग की उत्तराखंडातील औली, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. दोन्ही स्थळे उंच, दोन्ही दूर. मात्र उतारांची जात निराळी आहे. ती न ओळखता केलेली निवड जिवावर बेतू शकते.

गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून कोंगडोरीपर्यंत जाणारा गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर अफरवट पर्वतावर सुमारे ३,९८० मीटरपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. म्हणजे वरून मैदानापर्यंतचा उतार तेराशे मीटरहून अधिक. जगभरातील पट्टीचे स्कीपटू येथे येतात ते याच मोकळ्या, न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फासाठी. गोम अशी की, गोंडोलाचे तिकीट कोणालाही मिळते. वर पोहोचल्यानंतरचा उतार मात्र कोणालाही झेपत नाही.

हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि अफरवटवर असे उतार आहेत. जुन्या, कडक थरावर ताजा बर्फ पडतो, वारा तो एका अंगाला साचवतो आणि दोन थरांची पकड कच्ची राहते. मग एका माणसाच्या भारानेही सारा थर सुटू शकतो. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्ग परिसरातील हिमस्खलनात लष्कराचे १७ जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. गाडला गेलेला माणूस जिवंत निघण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात वाचवू शकतो तो सोबतीच. त्याच्याजवळ संकेत पकडणारे ट्रान्सीव्हर यंत्र, फावडे आणि बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब सळई हवी, शिवाय ती वापरण्याचा सराव हवा. हे नसेल तर दुसरा टप्पा केवळ देखावा पाहण्यापुरता ठेवावा आणि परतही गोंडोलानेच यावे.

औलीचा मुख्य उतार सुमारे ३,०५० मीटरवरून २,५०० मीटरवर येतो आणि त्याची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. सरासरी काढल्यास उतार दहा-अकरा अंशांचा भरतो. मार्ग आखलेला, समोर नंदादेवी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील स्कीइंग येथेच झाले. गढवाल मंडल विकास निगम येथे स्कीइंगचे वर्ग घेत आले आहे.

अडचण आहे ती पोहोचण्याची. हृषीकेशपासून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, सारा घाटरस्ता. जोशीमठ-औली रज्जुमार्ग जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचून शहरातील घरांना तडे गेल्यानंतर बंद करण्यात आला, तेव्हा मोटारीचा खर्च धरूनच चालावे. बर्फाचाही भरवसा नाही. फेब्रुवारी २०२३ मधील राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. अर्थात गुलमर्गही यातून सुटलेले नाही. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा याच कारणाने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

प्रवासात मात्र गुलमर्ग सरस. श्रीनगरहून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर रेल्वेही धावू लागली. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरचा बेत आखणाऱ्यांनी प्रशासनाच्या सूचना आधी पाहाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या मते, आठवडाभर सवड असलेल्या आणि घाटरस्त्याचा त्रास सोसणाऱ्या नवशिक्याने औली निवडावी. बर्फ पडल्याची खात्री करूनच निघावे. चार-पाच दिवसच हाती असतील तर गुलमर्ग बरे. मैदानालगत सौम्य उतार आहेत आणि केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही तेथेच आहे. कोठेही गेलात, तरी पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. नागपूरच्या सपाटीवरून आलेल्यास विरळ हवेत डोकेदुखी आणि धाप लागणे नवलाचे नाही, आणि ती वाढत गेल्यास खाली उतरणे हाच उपाय.