स्ट्रिपचा कापलेला तुकडा आणि परदेशातला कस्टम अधिकारी

आमच्या निजामपुऱ्यातून कोणी उमऱ्याला निघतं, कोणी आखातात नोकरीला. त्यांच्या बॅगेत औषधं असतात, पण बऱ्याचदा नावं नसतात. मेडिकलवाला दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून देतो, नाव आणि एक्सपायरी छापलेला तुकडा दुकानातच राहतो. घरी हे चालून जातं, विमानतळावर नाही. कॉन्फरन्सला किंवा फेलोशिपवर बाहेर जाणार असाल, तर हे तुम्हालाही लागू आहे.

कायदा ब्रँड बघत नाही, रेणू बघतो. मेडिकलवाले ज्याला ‘सॉल्ट’ म्हणतात ते. पाठदुखीवर आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉलची एकत्र गोळी देतात. ट्रामाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे मेंदूत अफूसारखंच काम करणारं. भारतातही 2018 मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. 2017 मध्ये एक ब्रिटिश महिला 290 ट्रामाडॉल गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरली. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या, बंदी आहे हे माहीत नव्हतं, असं तिने सांगितलं. तरी तीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणून दुसऱ्याची औषधं आपल्या बॅगेत घ्यायची नाहीत, मग तो शेजारी असो की गाइडचा मित्र.

कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, प्रेगाबालिन, झोपेच्या गोळ्या यांवर सौदी आणि अमिरातीत कडक नियंत्रण आहे, आधी परवानगी काढावी लागते. खसखससुद्धा तिथे नेऊ नका, मसाल्याच्या पुडीतलीही. जपानला जाणाऱ्यांनी सर्दीची गोळी तपासावी: स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असेल तर ती तिथे चालत नाही.

शोधायचं कसं? स्ट्रिपवरचं सॉल्टचं नाव घ्या आणि त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या किंवा दूतावासाच्या साइटवर तेच नाव शोधा. यूट्यूबवरच्या ‘उमरा टिप्स’ हा संदर्भ नव्हे! पानाची प्रिंट तारखेसकट ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, सॉल्टच्या नावाने, पासपोर्टवरच्याच नावाने लिहून घ्या. मेडिकलवर अख्खी स्ट्रिप मागा, बिल घ्या.

स्ट्रिप न फोडण्याला शास्त्रीय कारणही आहे. एक्सपायरीची तारीख त्या विशिष्ट पॅकिंगमध्ये औषध ठेवून केलेल्या चाचण्यांवरून ठरते. त्यातली एक वेगवान चाचणी 40 अंश सेल्सियस आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने चालते. गोळी डबीत ओतली की त्या तारखेला आधार उरत नाही. आपल्या पावसाळ्यात तर नाहीच.

उष्णतेचा खरा प्रश्न इन्सुलिनचा. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला होता. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. नेमका आकडा पत्रकात बघा. ते हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण सामानाच्या कप्प्यात गोठण्याचा धोका असतो आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. म्हणून बर्फालाही थेट टेकवू नका.

पाण्यात भिजवून वापरायचे पाउच मिळतात, ते माठासारखेच काम करतात. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पण हवा दमट असली की पाणी उडतच नाही. मक्केच्या कोरड्या हवेत पाउच चांगला चालतो. समुद्रकाठच्या जेद्दात आणि जुलैतल्या भिवंडीत त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका. शिवाय हवा फारच तापलेली असली, तर तो 30 अंशांखाली उतरेलच असं नाही. छोटा थर्मामीटर आत टाकून घरीच दोन दिवस नोंदी घ्या, तेवढाच प्रयोग.

वेळेचं म्हणाल तर सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्याने बहुतेक गोळ्यांना फरक पडत नाही. अमेरिकेला जाताना मात्र इन्सुलिन आणि फिटच्या औषधांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.