बोलपटाला गाणे देणारे गोविंदराव

चित्रपट म्हटला की त्यात गाणी असावयाचीच, असे आज आपण गृहीत धरतो. परंतु चित्रपट प्रथम मुका होता. पडद्यावरील माणसांचे ओठ हलत, हातवारे दिसत. त्यांचा आवाज मात्र ऐकू येत नसे. १९२७ साली अमेरिकेतील एका चित्रपटातील पात्रे बोलू व गाऊ लागली आणि १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट झळकला. आता प्रश्न असा, की मराठी बोलपटासाठी चाली बांधाव्या कोणी? या कामाचा अनुभव तर कोणालाच नव्हता. हे काम ज्यांनी पत्करले, ते होते कोल्हापूरचे गोविंद सदाशिव टेंबे.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालचा. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या काळी करवीर नगरीत मोठमोठे गवई येत. खाँसाहेब अल्लादियाखाँ तर दरबारगायक म्हणून येथेच राहिले. देवल क्लबात गाण्याच्या बैठकी होत. तेथे जाऊन गोविंदराव तासन् तास ऐकत बसत. रीतसर गंडा बांधून ते कोणाचे शिष्य झाले नाहीत. परंतु ऐकलेले मनात साठवावे, त्याचा विचार करावा आणि ते स्वतः वाजवून पाहावे, हाच त्यांचा अभ्यास होता.

त्यांचे आवडते वाद्य हार्मोनियम. या वाद्यात एक उणीव आहे. गवयाचा गळा एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत, अखंड जाऊ शकतो. हार्मोनियमचे स्वर मात्र पायरीपायरीने, तुटक उमटतात. तरीही गोविंदरावांनी त्या वाद्यावर असे प्रभुत्व मिळविले, की भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गायकाची साथ त्यांनी केली.

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील पदांच्या चाली गोविंदरावांच्या. चाल बांधणे म्हणजे शब्दांना नुसते सुरात बसविणे नव्हे. पात्र रागावले आहे की लाजले आहे, हे गाण्यातून कळले पाहिजे. गोविंदरावांनी शास्त्रीय रागांबरोबर उत्तरेकडील ठुमऱ्यांचे ढंगही नाटकात आणले. त्या चाली महाराष्ट्राने उचलून धरल्या. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे ते एक भागीदार होते. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळीही चालविली.

कोल्हापुरात १९२९ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी स्थापन झाली होती. तिने पहिला मराठी बोलपट काढावयाचे ठरविले, तो ‘अयोध्येचा राजा’. त्याच्या संगीताची जबाबदारी तिने गोविंदरावांवर सोपविली. एवढेच नव्हे, तर राजा हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनाच दिली. तारामती झाल्या दुर्गा खोटे. गोविंदराव तेव्हा पन्नाशीला आले होते.

हे काम किती अवघड होते, ते ध्यानात घेतले पाहिजे. पडद्यावर एकाने ओठ हलवावे आणि गावे दुसऱ्याने, ही पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ च्या सुमारास आली. तत्पूर्वी नटालाच अभिनय करता करता गावे लागे. ध्वनिग्राहकाच्या टप्प्याबाहेर गेले की आवाज मंदावे. वादकांनी जवळ बसावे, पण चित्रात दिसू नये! शिवाय नाटकात रसिकांचा ‘वन्समोअर’ आला की नट तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गाई. चित्रपटात तशी सोय नाही. एकदा टिपलेले गाणे कायमचे तेवढेच राहते. म्हणून चाल आटोपशीर आणि नेमकी हवी. ज्यांची हयात विस्ताराने गाण्यावाजविण्यात गेली, त्यांना हा संयम नव्याने शिकावा लागला.

‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठीत व हिंदीत प्रदर्शित झाला आणि लोकांना आवडला. त्यानंतर ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’ इत्यादी बोलपटांनाही गोविंदरावांनी संगीत दिले. १९३३ साली ‘प्रभात’ पुण्यास गेली आणि पुढील ‘अमृतमंथन’चे संगीत केशवराव भोळे यांनी केले. चित्रपटसंगीत नवी वाट चालू लागले. गोविंदरावांचा व्यासंग मात्र थांबला नाही. आपण काय ऐकले, कोणाकडून काय घेतले, हे त्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ या ग्रंथात लिहून ठेवले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

बैठक, रंगभूमी आणि बोलपट या तिन्ही ठिकाणी गोविंदराव वावरले. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे होते आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते शिकून घेतले. त्यांच्यापाशी शिदोरी एकच होती. कोल्हापूरच्या बैठकींत कान देऊन ऐकलेल्या गाण्याची. तीच त्यांना पन्नाशीत, अगदी अनोळखी कामात, पुरून उरली.