तळं आटतं, मासे तेवढेच!

उन्हाळ्यात पहाटे पाचला कधी शेततळ्यावर गेलायत? एकदा जाऊन बघा. रोहू, कटला पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळताना दिसले, तर 'मस्त खेळतायत' म्हणून रील काढू नका. ते गुदमरतायत.

पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारं खाद्य, सगळेच तो वापरतात. म्हणून पहाटे साठा सगळ्यात कमी. या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. गर्दी असली की तो पुरत नाही.

आता आपल्या बीडचा हिशेब करू. २०१६च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी साधारण ५ ते १० हजार बोटुकली सोडतात. म्हणजे या तळ्यात साडेचारशे ते नऊशे. 'एवढीशीच?' असं वाटून जास्त सोडायचा मोह होतो. तिथेच गणित बिघडतं.

पण मोजून सोडली तरी दुष्काळी भागात गर्दी आपोआप होते. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली मार्चपर्यंत चांगली वाढते आणि नेमकं तेव्हा तळं आटतं. बाजू उतरत्या असल्याने पातळी निम्मी झाली की पाणी निम्म्याहूनही कमी उरतं. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. एसटी अर्धी कापली, प्रवासी तेवढेच, तेही जाड झालेले, असा प्रकार!

अशा गर्दीत माशांनी बाहेर टाकलेला अमोनिया साचतो, कल्ले खराब होतात. दांडगे मासे खाद्य पळवतात, बारके बारकेच राहतात. रोग झपाट्याने पसरतो. आंध्रातले शेतकरी तर बोटुकली मुद्दाम दाटीत ठेवून तिची वाढ रोखतात. नंतर मोठ्या तळ्यात सोडली की ती भराभर वाढते. म्हणजे मासा तोच, फरक जागेचा.

'गर्दी कमी तेवढं बरं' हा नियम मात्र सगळ्यांना लागू नाही. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, संख्येने कमी असली की हद्दीसाठी भांडते. संख्या वाढली की भांडणं कमी होतात. पण पाणी खराब झालं की तिचीही वाढ खुंटते.

घरी शेततळं असेल तर एवढं करा. पाणी उतरायला लागलं की मोठे मासे आधी काढून विका. मासे वर येऊन हवा गिळत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद. मोटार लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात सोडा. आणि पुढच्या जूनमध्ये बीज घेताना आजची नाही, मे महिन्यातली पातळी डोळ्यांसमोर ठेवा. वडील म्हणतील, "कॉलेजात हेच शिकवतात का?" म्हणू द्या. फक्त एकदा त्यांना पहाटे पाचला तळ्यावर घेऊन जा.