पावसाळी वारा आणि सागवानी खिडक्या

वसई तालुक्यांतील जूचंद्र हें गांव बाहेरच्या जगास रांगोळीच्या कलेमुळें ठाऊक झालें आहे. नायगांव स्टेशनाच्या पूर्वेस, खाडी व मिठागरें यांच्या परिसरांत वसलेल्या या गांवांत जून लागला कीं नैर्ऋत्येचा वारा येतो, आणि त्याच्याबरोबर आडवा पाऊस. त्या दोघांशीं पहिली गांठ पडते ती खिडक्यांची. या किनारपट्टींतील जुन्या घरांतून सागवानी झडपांच्या खिडक्या अजून आढळतात. परंतु "झडप नीट बसत नाहीं, पाणी आंत येतें" एवढ्याच कारणावरून त्या उपटून सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसविल्या जातात. वडिलांनीं निवडून आणलेलें निरोगी लाकूड अशा रीतीनें टाकून द्यावें काय, याचा विचार कुटुंबांतील कर्त्या मंडळींनीं अवश्य करावा. दोष फटीचा असेल, तर उपायहि फटीवरच व्हावा.

ही फट पडते तरी कां? लाकूड हवेंतील ओल शोषून रुंदींत फुगतें व कोरड्या दिवसांत आक्रसतें. लांबींत मात्र फारसा फरक होत नाहीं. साग इतर पुष्कळ लाकडांहून कमी हालतो, पण हालतो खराच. श्रावणांत अडकणाऱ्या झडपेला घाईनें रंधा मारला, कीं माघांत त्याच जागीं उजेड दिसूं लागतो. म्हणूनच फटींत लांबी भरणें व्यर्थ होय. ती एका ऋतूंत झडप अडकविते व दुसऱ्या ऋतूंत गळून पडते. तेथें दबणारी व पुन्हां फुगणारी पट्टीच हवी.

ती कोठें बसवावी, हा खरा मर्माचा प्रश्न आहे. पाणी केवळ फट आहे म्हणून आंत येत नाहीं. बाहेरील वाऱ्याचा दाब त्याला ढकलतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका टिपणांत हें तत्त्व स्पष्ट मांडलें होतें. हवेची वाट आंतल्या बाजूस अडविली, म्हणजे बाहेरच्या पोकळींतील दाब बाहेरच्या हवेइतकाच होतो व पाण्याला ढकलणारें बळ नाहींसें होतें. यास्तव पट्टी चौकटीच्या खांचेंत आंतील कडेला लावावी. बाहेरची फट बुजवूं नये, आणि खालच्या बाजूस पाणी निथळण्यास वाट ठेवावी. आपल्याकडील पुष्कळ खिडक्यांना आंत गज असून झडपा बाहेर उघडतात. अशा खांचेवर वारा झडप अधिकच दाबून धरतो, हा मोठाच लाभ होय.

कामाचा क्रम असा असावा. प्रथम सैल बिजागऱ्या व कड्या नीट कराव्या, कुजलेली तळपट्टी बदलावी. नंतर कागदाचा कपटा झडपेंत धरून ती लावावी. कपटा सहज निघाला तर तेथें फट आहे असें समजावें. कणकेची गोळी पातळ प्लॅस्टिकांत गुंडाळून खांचेंत ठेवावी व झडप लावून ती दाबावी, म्हणजे फटीचें माप हातीं येतें. फटीहून थोडी जाड अशी पोकळ रबरी पट्टी निवडावी. ईपीडीएम नांवाचें रबर ऊन व हवा चांगलें सोसतें. चिकट पाठीचा स्पंज मात्र एकदोन पावसाळ्यांतच चेपून जातो. सुताराकडून बारीक खोबण पाडून पट्टी तींत बसविली, तर ती निसटत नाहीं व पुढें बदलतांहि येते. कोपऱ्यांत ती तुटूं देऊं नये. खारट हवेंत लोखंडी स्क्रू गंजतात, म्हणून पितळेचे वापरावे. पट्टीवर रंग लागला तर ती ताठ होते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

मात्र एक धोक्याची सूचना. घर म्हणजे झांकणाचा डबा नव्हे. स्वयंपाकघरांत व विशेषतः गॅसचा गीझर असलेल्या न्हाणीघरांत हवेचा मार्ग कदापि बंद करूं नये. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या गॅसपासून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो निजलेल्या माणसास न कळतां प्राण घेऊं शकतो. भिंतींवर बुरशी धरूं नये म्हणून निजावयाच्या खोल्यांतहि वरचा झरोका मोकळा ठेवावा.

एकत्र कुटुंबांत वृद्धांना वाऱ्याची झोत सोसत नाहीं, तरुणांना कोंडलेली हवा सोसत नाहीं. आणि ग्रंथांच्या कपाटाला पावसाचा शिंतोडा सोसत नाहीं. घट्ट लागणारी व सहज उघडणारी झडप या तिघांचाहि मान राखते. दसऱ्याच्या साफसफाईंत पट्ट्या ओल्या फडक्यानें पुसाव्या, खोबणींतील धूळ काढावी व चेपलेली पट्टी तेवढी बदलावी. इतकी निगा राखली, तर आजोबांची खिडकी नातवाच्याहि उपयोगीं पडेल.